चोवीस अंशांवरची गिटार

आखाती देशांत रॉक अँड रोलची मुहूर्तमेढ माझ्या बायकोच्या मामांनी रोवली, आणि हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. कारण ते मी स्वतः मामांच्याच तोंडून ऐकले आहे, आणि एकदा नव्हे, तर जेवणाच्या प्रत्येक आमंत्रणात साधारण वरण-भाताच्या टप्प्यावर ऐकले आहे. संशयी माणसाने खोदून विचारले, तर या विधानाची हद्द थोडीथोडी आत सरकते. सुरुवातीला सगळे आखाती देश असतात. मग कुवेत आणि बहारीनमध्ये त्या काळी काय चालले होते याची आपल्याला नक्की कल्पना नाही, हे मामा मोठ्या मनाने मान्य करतात आणि फक्त अमिराती उरतात. थोड्या वेळाने अबू धाबी गळते. कोशिंबीर संपेपर्यंत, गोव्याची काही मंडळी आपल्या आधीपासून दुबईत वाजवत होती, हेही कबूल होते. शेवटी, एसी मेकॅनिकच्या व्हिसावर येऊन खाडीकाठच्या हॉटेलात रॉक अँड रोलची गिटार वाजवणारा पहिला मिरजकर, इथे विधान स्थिरावते. या स्वरूपात त्याला आजवर कोणीही आव्हान दिलेले नाही.

मामा आता सत्तरीकडे झुकले आहेत. परवापरवापर्यंत ते आणि मामी शारजात, अल नहदामध्ये, आमच्यापासून दोन इमारती सोडून राहत. रोज पहाटे कंपनीची बस त्यांना जबल अलीला न्यायची. तिथल्या शीतगोदामांचे चिलर, म्हणजे अख्खे गोदाम गोठवून ठेवणारी अजस्र यंत्रे, त्यांच्या देखरेखीखाली असत. त्या बसमध्ये सगळी माणसे एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपलेली असायची आणि मधे एकच माणूस ताठ बसलेला दिसायचा. तो कर्तव्यदक्षतेमुळे ताठ नव्हता. मान टेकली असती तर केस बिघडले असते. कपाळावर केसांचा उंच फुगा असणे ही रॉक अँड रोलवाल्याची किमान पात्रता आहे, असे मामांचे मत. पुढे वयानुसार केसांनी माघार घेतली, पण फुगा रद्द झाला नाही; तो मागे सरकत सरकत टाळूपर्यंत गेला आणि तिथे त्याने नवा तळ ठोकला. इतरांना असा फुगा उभा ठेवायला बाटलीतले काहीबाही लागते. मामा खोबरेल लावत आणि सकाळी गोदामातल्या उणे तापमानात एक फेरी मारत. खोबरेल थिजले की फुगा दुपारच्या जेवणापर्यंत हलत नसे. त्यानंतर त्यांना पुन्हा एकदा आत जावे लागे. गोदामाची एवढ्या आस्थेने पाहणी करणारा दुसरा सुपरवायझर आमच्याकडे नाही, असे त्यांचे साहेब म्हणत.

मिरजेत त्यांचे घर तंतुवाद्यांच्या गल्लीत. समोरच्या दुकानात दिवसभर तानपुऱ्यांची जवारी लावण्याचे काम चाले. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून तो भरलेला, गुंजणारा आवाज काढायचा, आणि तो निघाला की तानपुरा बाजूला ठेवून पुढचा घ्यायचा. त्यामुळे मागे सतत काहीतरी गुणगुणत असल्याशिवाय मामांना झोपही येत नसे आणि गाणेही सुचत नसे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा कोर्स करताना चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका मित्राने त्यांना गिटार दाखवली. घरात यावर फार काही बोलणे झाले नाही. ‘तानपुऱ्याला चार तारा, याला सहा, म्हणजे दोन जास्तच,’ एवढेच त्यांचे वडील म्हणाल्याचे सांगतात.

तरुणपणी मामा दुबईला आले ते एका हॉटेलचे एसी सांभाळायला. हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी गोव्याच्या मंडळींचा बँड वाजे. त्यांचा गिटारवाला लग्नासाठी सुट्टीवर गेला आणि सासरच्यांनी त्याला परत पाठवला नाही. ही बातमी आली तेव्हा मामा तिथेच शिडीवर होते. डोके छतातल्या डक्टमध्ये, पाय खाली. वरूनच ते म्हणाले, ‘मैं बजाता है।’

‘क्या बजाता है?’ बँडवाल्यांनी पायांना विचारले.

‘जो बोलो।’

मामांना त्या वेळी तीनच कॉर्ड येत होते. पण रॉक अँड रोलला मुळात तीनच लागतात, ही गोष्ट त्या संगीताच्या आणि मामांच्या, दोघांच्याही पथ्यावर पडली. बाकीचे त्यांनी मिरजेच्या भांडवलावर भागवले. ‘बारा बारचं, म्हणजे बारा घरांचं आवर्तन असतंय बघा, जावईबापू,’ ते मला टेबलावर बोटांनी वाजवून समजावून सांगत. ‘म्हणजे आपला एकतालच की. फक्त जरा घाईत. हितं सम. आणि ही... ही बघा, परत सम!’ प्रत्येक समेला आमटीच्या वाटीवरचे झाकण उडे. मला शास्त्रीय संगीतातले फारसे कळत नाही आणि रॉक अँड रोलमधले त्याहून कमी. तरी दोन्हींचे नाते इतक्या सोप्या रीतीने सिद्ध झालेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आता मुख्य गोष्ट. गिटारच्या तारा कशाशी तरी जुळवाव्या लागतात. त्या हॉटेलात एक पियानो होता, पण खाडीच्या दमट हवेने त्याचे अर्धे दात पाडले होते. मामांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांच्या कानाला ओळखीचा आधार सापडला. खिडकीतला मोठा एसी एका सुरात गुणगुणत होता. न थांबता, न चळता, दिवसरात्र. मिरजेचा माणूस परदेशात आला आणि त्याला भिंतीत बसवलेला तानपुरा मिळाला. त्या दिवसापासून मामा गिटारची तिसरी तार एसीच्या सुराला लावतात आणि बाकीच्या पाच तिच्या आधाराने. हा सूर जगातल्या इतर गिटारींच्या सुरापेक्षा किंचित वर असतो, पण पुढच्या सुरापर्यंत पोचलेला नसतो; दोन मजल्यांच्या मधे थांबलेल्या लिफ्टसारखा. मामांनी बँडमधल्या सगळ्यांना त्या लिफ्टमध्ये घेतले. बासवाला आला. गाणारा आला. सॅक्सोफोनवाल्याला ते जमेना आणि त्याने काही दिवसांनी नोकरी सोडली. मामांच्या मते त्याचे कारण पगार होते. खाडीकाठी नाचायला येणारे लोक पुढे कित्येक वर्षे उर्वरित जगाच्या थोडे वर नाचत होते, आणि एकानेही तक्रार केली नाही.

त्यांची प्रसिद्ध उडीसुद्धा याच काळातली. अॅम्प्लिफायरचे अर्थिंग खराब होते. एका गाण्याच्या भरात मामांचे ओठ माइकला लागले, हात तारांवर होताच, आणि मामा जागच्या जागी हातभर उंच उडाले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुसऱ्या दिवशी मामांनी, कर्तव्य म्हणून, अर्थिंग दुरुस्त केले. त्या संध्याकाळी ते शांतपणे वाजवू लागले, तर लोक पुढच्या टेबलांवरून ओरडू लागले की, कालचे ते करा. मग विजेशिवाय उडायला शिकावे लागले. ‘झटका बसला की कुणीबी उडतंय,’ ते म्हणत. ‘न बसता उडायचं, ती कला.’

पुढे ते हॉटेल पाडून तिथे त्याहून मोठे हॉटेल झाले. नव्या हॉटेलात संगीत भिंतीतल्या स्पीकरमधून येई आणि त्याला व्हिसा लागत नसे. मामा जबल अलीच्या कंपनीत गेले, लग्न केले, मामींना घेऊन आले आणि पुन्हा कधी बँडमध्ये वाजवले नाही. त्या दिवसांचे ध्वनिमुद्रण नाही. फोटो एकच आहे. त्यात ड्रमवाला स्पष्ट दिसतो आणि उजव्या कडेला गिटारची मान आणि चार बोटे. ती चार बोटे मामांची आहेत. दिवाणखान्यात हा फोटो चौकटीत लावलेला होता आणि पाहुण्यांना बोटांची ओळख करून दिली जाई.

मामींचे याबाबतचे निवेदन थोडक्यात असे. ‘लग्न ठरवताना सांगितलं, मुलगा दुबईला एसीचं काम करतो. गिटारीचं कोणी बोललंच नाही. आले तर पलंगाच्या अर्ध्या भागावर ही.’ ही म्हणजे लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार. दमट हवेने तिची मान वाकू नये म्हणून मामांनी तिच्यासाठी बेडरूमचा एसी चोवीस अंशांवर कायमचा लावून ठेवला होता. मामी स्वयंपाकघरात, पंख्याखाली. ‘गिटारीला चोवीस आणि मला चाळीस,’ हे वाक्य त्या घरात दिवसातून एकदा तरी म्हटले जाई. पुढे ते मामांनाही इतके पाठ झाले की मामींना सर्दी असेल त्या दिवशी ते स्वतःच म्हणून टाकत. शेजाऱ्यांच्या भीतीने घरात अॅम्प्लिफायर कधी लागला नाही. आणि विजेशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे निव्वळ टिकटिक; शेजारच्या खोलीत कोणी नखे कापत असावे, तशी. एवढ्या वर्षांच्या संसारात मामींच्या वाट्याला मुहूर्तमेढीच्या कथा आल्या आणि ही टिकटिक आली. एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘मी आजवर ह्यांचं ऐकलंय गं. ह्यांना ऐकलेलं नाही.’ चहा गाळता गाळता म्हणाल्या, पण मामा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकले, आणि त्या दिवशी वरण-भाताच्या वेळी कोणतेही विधान केले नाही. मला चुकल्याचुकल्यासारखे झाले.

मामा कोणाच्या घरी गेले की आधी बसत नसत. एसीखाली जाऊन मान वाकडी करून उभे राहत. यजमान पाण्याचा ग्लास घेऊन ताटकळत. मग निकाल लागे: ‘गॅस कमी आहे.’ किंवा, ‘हा बेसूर आहे, ह्याच्याखाली पोरं अभ्यास करतात? मार्क कसे पडणार?’ आमच्या बेडरूममधला एसी मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, ‘जावईबापू, ह्याला कुणाला हात लावू देऊ नका. बेअरिंग जरा खाल्लंय, त्यामुळं जवारी आलीय.’ तो एसी रेल्वे इंजिनासारखा वाजत होता. इमारतीच्या नातूरने, म्हणजे रखवालदाराने, मालकाच्या खर्चाने दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा मामा नेमके आमच्याकडे होते आणि शिडीच्या आड येऊन उभे राहिले. ‘भाई, इसको छूना मत। ये ठीक है।’ तो बिचारा म्हणाला, ‘अंकल, आवाज कर रहा है।’ मामा म्हणाले, ‘वही तो ठीक है। खलास। यल्ला, चाय पियो और जाओ।’ आम्ही आजतागायत त्या आवाजात झोपतो. आता त्याच्याशिवाय झोप येत नाही, हे मी बायकोसमोर कबूल करत नाही.

माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये बास गिटार वाजवते. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. आपण मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. तिच्या फोनमध्ये सूर मोजणारे अॅप आहे. एकदा तिने ते मामांच्या गिटारीसमोर धरले आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, ‘मामाआजोबा, यू आर शार्प. लाइक, ऑल सिक्स स्ट्रिंग्ज.’

‘मी वर नाही गं,’ मामा म्हणाले, ‘बाकीचं जग जरा उतरलंय.’

ती हसली नाही. तिने अॅपमध्ये काहीतरी फिरवले, पुन्हा मोजले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘बाबा, ही इज नॉट आउट ऑफ ट्यून. ही इज परफेक्टली इन ट्यून. जस्ट... समव्हेअर एल्स.’ मामांचे इतके अचूक वर्णन मी तीस पानांतही करू शकलो नसतो.

मग कंपनीने मामांना सांगितले की, आता पुरे. या देशात नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की माणसाने आवराआवर करायची असते. त्यात कोणाचा राग नसतो. मामांनी मिरजेच्या घराला रंग द्यायला सांगितला. मामींनी भांडी वाटायला काढली. आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाला अचानक जाग आली की, एक आद्य प्रवर्तक आपल्यातून जातो आहे. मंडळाचे सचिव बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि माइक दिसला की त्यांच्या तोंडून ‘या निमित्ताने’ हे शब्द आपोआप निघतात. त्यांनी वार्षिक संमेलनात मामांच्या सत्काराचे ठरवले: शाल, श्रीफळ, सन्मानपत्र, स्मृतिचिन्ह आणि, वेळ उरल्यास, मामांचे वादन.

मामांना शाल-श्रीफळात रस नव्हता. त्यांनी एकच विचारले, ‘हॉलमध्ये अॅम्प्लिफायर असतोय न्हवं? मोठा?’ मग मला गॅलरीत नेऊन हळूच म्हणाले, ‘हिला पहिल्या रांगेत बसवा. बरोबर मधे.’ मिरजेला गेल्यावर बँड कुठला मिळायचा? मामींनी त्यांना ऐकायचे असेल तर एवढीच एक वेळ उरली होती.

सचिवांची सूचना अशी की, मामांनी तयार ट्रॅकवर वाजवावे; मागे रेकॉर्ड केलेले संगीत, पुढे मामा. तालमीला तसे करून पाहिले. ट्रॅक जगाच्या सुरात आणि मामा मधल्या लिफ्टमध्ये. दाढदुखीला आवाज असता तर तो असा आला असता. सचिव म्हणाले, ‘काका, तुम्ही थोडं खाली या ना.’ मामा म्हणाले, ‘इतकी वर्षं वर आहे, आता जाताना खाली येऊ?’ पेच पडला. तेव्हा माझी मुलगी आपली बास गिटार घेऊन उठली आणि म्हणाली, ‘फर्गेट द ट्रॅक, अंकल. वी विल ट्यून टू हिम.’ तिने तारा वर चढवल्या. तिच्या वर्गातली एक मल्याळी मुलगी ड्रम वाजवते. ड्रमला असल्या भानगडी नसतात, त्यामुळे ती लगेच तयार झाली. ‘हिला सम सांगायला नको,’ मामा पहिल्याच आवर्तनानंतर मला म्हणाले. ‘मिरजेला न्यायला पाहिजे.’

संमेलन दुपारी होते, एका शाळेच्या सभागृहात, आणि बाहेर ऑगस्ट होता. घरचे चोवीस अंश सोडून गिटार गाडीत आली, गाडीतून तळपत्या पार्किंगमध्ये आली, तिथून सभागृहात आली. एवढ्यात तिच्या तारा उतरल्या. मामांना त्याची चिंता नव्हती. सभागृहाच्या छतात मोठा एसी होता आणि शिरतानाच मान वाकडी करून त्यांनी त्याची परीक्षा घेतली होती. ‘बाप आहे बाप,’ ते म्हणाले होते.

मामांच्या आधी प्रमुख पाहुण्यांचे भाषण होते. त्याचे चित्रीकरण चालू होते आणि कॅमेरावाल्याने कानाला लावलेले यंत्र काढून तक्रार केली की, मागे घरघर येते आहे. सचिवांनी तत्काळ एसी बंद करायला लावला. प्रमुख पाहुणे संस्कृतीवर बोलले. मग परंपरेवर बोलले. सभागृहातल्या पैठण्या हळूहळू अंगाला चिकटू लागल्या, नेहरू जाकिटांच्या गुंड्या सुटू लागल्या, कार्यक्रमपत्रिकांचे पंखे झाले. मग सन्मानपत्राचे वाचन झाले. स्मृतिचिन्ह दिले गेले; दुकानात गिटारीचा साचा नसल्याने त्यावर सोनेरी तानपुरा होता. मामांनी तो जवळ धरून निरखला आणि सचिवांना म्हणाले की, घोडी चुकीच्या जागी बसवली आहे. शेवटी त्यांना गिटार हातात मिळाली. त्यांनी तिसरी तार छेडली, कान छताकडे केला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘एसी लावा,’ ते माइकमध्ये म्हणाले.

लोकांनी प्रचंड टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाला तेच म्हणायचे होते.

सचिव लगबगीने पुढे आले. ‘काका, रेकॉर्डिंग चालू आहे, या निमित्ताने आपल्याकडे कायमचं राहील. दोनच मिनिटं उकडेल.’

‘उकडण्याचं नाही हो. सूर द्या मला.’

‘टेक इट फ्रॉम माय बास, मामाआजोबा,’ मुलगी मागून म्हणाली.

मामांनी मान हलवली. ‘तू माझ्याकडनं घेतलास. आता मी तुझ्याकडनं घ्यायचा? मग खरा कुणाकडनं घ्यायचा?’ आणि ते गिटार घेऊन तसेच उभे राहिले. थिजलेल्या खोबरेलाची सवय असलेला फुगा त्या उकाड्यात एका बाजूने कलू लागला होता. सचिव घड्याळाकडे पाहत होते. वेळ उरल्यास ही अट होती आणि वेळ उरत नव्हता. पुढचे जेवण लावायला केटररची माणसे दारात आली होती. मला पहिल्यांदाच वाटले की, हे आता होत नाही. मुहूर्तमेढ, बारा बारचे आवर्तन, उडी, सगळे चार बोटांच्या फोटोत परत जाणार.

तेव्हा पहिल्या रांगेत, बरोबर मधे, मामी उभ्या राहिल्या. मामी चारचौघांत बोलत नाहीत. त्या सचिवांना म्हणाल्या, ‘अहो, लावा की तो एसी! इतकी वर्षं मी गिटारीच्या एसीवरून ह्यांच्याशी भांडतेय. आज मी सांगतेय, लावा. मला ऐकायचंय.’

एसी लागला. वर कुठेतरी खर्जात घरघर सुरू झाली, वाढली, स्थिर झाली. मामांनी डोळे मिटले, खुंटी पिळली, आणि तिसरी तार त्या घरघरीत अशी विरघळली की तार कुठली आणि छत कुठले हे कळेना. मग बाकीच्या तारा. मग त्यांनी मुलींकडे पाहून मान तुकवली.

मी स्तुती करण्यात कंजूष माणूस आहे आणि घरच्यांच्या बाबतीत अधिकच. तरी सांगतो: मामा फार चांगले वाजवतात. नुसते वयाच्या मानाने नव्हे, आणि मिरजकर मेकॅनिक असूनही नव्हे. पहिल्या सुरालाच ती लाल गिटार असे काही बोलली की, इतकी वर्षे टिकटिक ऐकवून आम्हा सर्वांची फसवणूक झाली होती, असे वाटले. तीन कॉर्डांचे ते घाईतले आवर्तन दर वेळी समेवर येताना नवीनच काही घेऊन येई. कधी खट्याळ, कधी दुखरे, आणि मागे सतत छताचा तो खर्ज. माझी मुलगी त्यांच्याकडे पाहत वाजवत होती. तिचा चेहरा जसा झाला होता तसा तो माझ्याकडे पाहून कधी झालेला नाही. शेवटच्या आवर्तनात मामा उडाले. उंची वयोमानाने आटली होती. फार तर चार बोटे. पण झटका बसलेला नव्हता. सभागृह उभे राहिले, केटररची माणसेसुद्धा. मी मागे वळून अनोळखी माणसांना सांगत होतो की, हे माझ्या बायकोचे मामा. दोघांना दोनदा सांगितले.

मामी बसून होत्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. फक्त उजव्या पायातली चप्पल तालात हलत होती, आणि वाजवणे संपल्यावरही थोडा वेळ हलत राहिली.

परतताना गाडी खाडीवरचा पूल ओलांडून गर्दीत अडकली तेव्हा मामांनी शेवटी विचारले, ‘कसं झालं?’

‘आवाज मोठा होता,’ मामी म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर बघत, ‘त्या हॉटेलात बायका यायच्या का हो ऐकायला?’

‘यायच्या की.’

‘हं.’

आणि मामींनी हात पुढे करून गाडीचा एसी एका खुणेने वाढवला. मागच्या सीटवर, माझ्या मुलीच्या मांडीवर, गिटार होती.

पुढच्याच आठवड्यात ते मिरजेला गेले. गिटार विमानात सामानाबरोबर टाकायला मामांनी नकार दिला आणि मामींनी कोणाशी तरी हुज्जत घालून ती वर, केबिनमध्ये नेली. त्यांच्या मिरजेच्या घरात एसी नाही. आता दोघांनीही उरलेले दिवस पंख्याखाली काढायचे, असे ठरले आहे. पण सूर कुठून आणायचा? फ्रिजचा घ्या, असे मी सुचवले. ‘फ्रिज मधेच समाधी लावतोय,’ मामा म्हणाले. ‘तुमच्या बेडरूममधला ऐकवा की.’

म्हणून दर रविवारी सकाळी मामांचा फोन येतो. मी बेडरूममध्ये खुर्चीवर चढतो आणि फोन एसीजवळ धरतो. ‘जरा वर,’ मामा सांगतात. ‘अजून जरा. हां... आता हलू नका.’ मी हात वर करून उभा असतो. पलीकडून एक तार वाजते, पिळली जाते, पुन्हा वाजते. ‘मिळाला,’ ते म्हणतात. ‘तब्येत बरी आहे न्हवं? खाली उतरा, पडाल.’ मागून मामी विचारतात, पोरगी वाजवते का अजून.

परवा मुलीने हा प्रकार दारातून पाहिला आणि म्हणाली, ‘बाबा, यू नो द फोन कट्स दॅट आउट, राइट?’ एसी, पंखा असला एकसारखा चालणारा आवाज निव्वळ गोंगाट आहे असे समजून फोन तो गाळून टाकतो, असे तिने मला समजावले. माझा विश्वास बसला नाही. मग ती तिच्या खोलीत जाऊन बसली, दार लावून घेतले, आणि मी खुर्चीवर चढून तिला फोन लावला. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि तिने सांगितले. पलीकडे एसी अजिबात ऐकू येत नाही. माझा श्वास मात्र स्पष्ट येतो.